न्यूझीलंडचे वाइन प्रदेश: मार्चअखेरीस काय बघावं, काय सोडावं?

गोदाकाठ

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं ऑकलंडला उतरतोय. एप्रिलच्या मध्याला क्वीन्सटाउनहून परतीचं विमान आहे. गाडी भाड्याने घेणार. घरची द्राक्षबाग निफाडकडे आहे आणि त्यात वाइनचे वाणही आहेत, त्यामुळे नुसतं चाखून भागणार नाही, बागा बघायच्यात.

नकाशावर प्रदेश बरेच दिसतात: नॉर्थलँड, ऑकलंड, गिसबर्न, हॉक्स बे, वायरारापा, नेल्सन, मार्लबरो, कँटरबरी, ओटागो. उत्तर टोक गरम, दक्षिण टोक थंड, एवढं कळलं. पण वेळ मोजका असताना नेमकं कुठे थांबावं?

दुसरं म्हणजे, मार्लबरोच्या दोन सोव्हिन्यों ब्लाँ (पांढऱ्या वाइन) शेजारीशेजारी चाखल्या तर एकीला पॅशनफ्रूटचा वास येतो आणि दुसरीला सरळसरळ ढोबळी मिरचीचा. वाण तोच, साल तेच. हा फरक बागेत पडतो की टाकीत? आणि बाटल्या घरी आणायच्या तर किती, कशा? जाणकारांनी सविस्तर सांगावं. मार्केटिंगची माहितीपत्रकं वाचून झाली आहेत.

---

रेनविकची वाट

गोदाकाठ, आधी उत्तर-दक्षिणेचं गणित थोडं बाजूला ठेवा. इथे जास्त महत्त्वाचं आहे ते पूर्व-पश्चिम. वारे पश्चिमेकडून येतात आणि दक्षिण बेटाच्या कण्यासारखे उभे असलेले सदर्न आल्प्स त्यांचं पाणी काढून घेतात. पश्चिम किनाऱ्यावर होकिटिकाला वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, इकडे ब्लेनहाइमला सातशेच्या आसपास आणि आत अलेक्झांड्राला जेमतेम साडेतीनशे. म्हणूनच देशातल्या जवळपास सगळ्या महत्त्वाच्या बागा डोंगरांच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत आहेत. आपल्याकडे कोकणातून घाट चढून देशावर आल्यावर जे होतं तेच, दिशाही तीच, फक्त थंडी जास्त.

आता मार्लबरो. देशातल्या द्राक्षक्षेत्राचा दोनतृतीयांशाहून मोठा हिस्सा या एका प्रदेशात आहे. १९७३ साली मोंटाना कंपनीने इथे मोठी लागवड सुरू केली, १९७५ला पहिली सोव्हिन्यों लागली. म्हणजे 'परंपरा' म्हणावी तर ती पन्नास वर्षांची. 'मार्लबरो' हे नाव मात्र फार मोठ्या भागाला लागतं आणि तुमच्या दोन बाटल्यांचं उत्तर त्यातच आहे. तीन तुकडे लक्षात ठेवा.

वायराउ खोरं: नदीने आणलेले गोटे आणि वाळू. रापाउरा रस्त्याच्या बाजूला जमीन इतकी गोट्यांची आहे की पाणी थांबतच नाही, दगड दिवसा तापतात, फळ लवकर पिकतं. वास पिकलेल्या फळांचा. याच खोऱ्यात समुद्राकडे सरकलात की डिलन्स पॉइंट लागतो. तिथे खोल, सुपीक गाळ आहे आणि वेली जोमदार वाढतात. पॅशनफ्रूटचा घमघमाट आणि किंचित खारट चव हवी असेल तर ती इथली.

सदर्न व्हॅलीज: वायराउच्या दक्षिणेला आत शिरणाऱ्या छोट्या दऱ्या, चिकणमाती जास्त. इथली पिनो न्वार ही लाल वाइन चाखा. मार्लबरोची पिनो फिकी असते असं जे म्हणतात ते बहुधा खोऱ्याच्या सपाटीवरची पिऊन म्हणतात.

अवातेरे: ब्लेनहाइमहून राज्य महामार्ग १ने दक्षिणेला सेडनकडे, पंचवीसेक किलोमीटर. जास्त कोरडं, जास्त वारं, जास्त गार. काढणी वायराउपेक्षा आठदहा दिवस मागे. टोमॅटोच्या पानांचा वास, ढोबळी मिरची, चढी आम्लता. तुमची दुसरी बाटली अवातेरेची असण्याची शक्यता दाट आहे.

कारण असं. मिरचीचा वास मेथॉक्सिपायराझिन गटातल्या रेणूंमुळे येतो. ते कोवळ्या फळात तयार होतात, मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागायच्या, सुमारास सर्वांत जास्त असतात आणि पुढे ऊब व ऊन मिळेल तसे घटतात. गार जागी ते कमी घटतात. घडाभोवतीची पानं काढली तरी कमी होतात, पण काढायची ती पाणी उतरायच्या आधी, नंतर काढून फारसा उपयोग होत नाही. इथे पानं सकाळचं ऊन येतं त्या बाजूची काढतात. दुपारच्या बाजूची काढली तर मणी भाजतात, कारण या देशातलं अतिनील किरण प्रकरण तीव्र आहे. टोपी आणि क्रीम तुम्हीही आणा.

पॅशनफ्रूट आणि ग्रेपफ्रूटचा वास थायॉल्सचा. ते द्राक्षात वास न येणाऱ्या रूपात असतात, किण्वनात यीस्ट त्यांना मोकळं करतं. म्हणजे इथे टाकीचा भाग येतो. त्यातही गंमत अशी की यंत्राने काढलेल्या फळात थायॉल्स जास्त निघतात. यंत्र वेल हलवतं, मणी फुटतात, रस सालीत भिजतो आणि त्या दरम्यान थायॉल्सचा कच्चा माल वाढतो. हाताने काढून अख्खे घड दाबले की वाइन नाजूक होते, पण तो घमघमाट कमी होतो. त्यामुळे 'हाताने तोडलेली म्हणजे भारी' हे सोव्हिन्योंपुरतं डोळे मिटून मानू नका. काढणी रात्री चालते, फळ गार असताना. रस्त्याला लागून मुक्काम असेल तर यंत्रांचा आवाज येईल, तयारी ठेवा.

पुढे स्टीलच्या टाकीत साधारण १२ ते १५ अंशांवर किण्वन. तापमान चढलं की वास उडतो, फार उतरलं की किण्वन अडकतं. आम्लता चढी असल्याने लिटरला तीनचार ग्रॅम साखर बरेच जण मुद्दाम राखतात. गोड लागत नाही, फक्त धार बोथट होते.

एकच प्रयोग करा. एकाच सालच्या तीन बाटल्या, डिलन्स पॉइंट, रापाउरा आणि अवातेरे, आठदहा अंशांवर गार करून शेजारी ठेवा. सेलरमधल्या, म्हणजे वाइनरीत चाखायला देतात तिथल्या, मुलांना नुसतं 'मार्लबरो' न विचारता उपविभागाचं नाव विचारलंत की उत्तरं वेगळी यायला लागतात.

लेबलबद्दल: वाण, साल किंवा प्रदेश लिहिला असेल तर त्यातली किमान ८५ टक्के वाइन त्या वाणाची, त्या सालची, त्या प्रदेशाची हवी, असा नियम आहे. उरलेल्या पंधरा टक्क्यांवर बोलायची सक्ती नाही. २०१८ पासून काही उत्पादकांनी 'अपेलेशन मार्लबरो वाइन' असा शिक्का सुरू केलाय: शंभर टक्के मार्लबरोचं फळ, बाटली न्यूझीलंडमध्येच भरलेली आणि हेक्टरी उत्पादनावर मर्यादा. दुसरी अट बघा, कारण मोठ्या प्रमाणावर वाइन टँकरमधून जाते आणि बाटली परदेशात भरली जाते. ती वाईट असते असं नाही, पण कुठल्या उपविभागाची हे तिथे कळणं अवघड.

---

अनघा_ऑकलंड

रस्त्याचं मी सांगते. ऑकलंड ते क्वीन्सटाउन सगळे प्रदेश करायला जाल तर गाडीच्या काचेतूनच बागा दिसतील. माझ्या मते तीन मुक्काम: मार्टिनबरो, मार्लबरो, सेंट्रल ओटागो. वेळ उरला तर हॉक्स बे.

ऑकलंडच्या आसपास वाइहीकी बेट आहे, फेरीने पाऊण तासाच्या आत. देखणं आहे, महाग आहे, गर्दीही आहे. लाल वाइन चांगली होते. पण बागा बघायला आलेल्या माणसाने दिवस तिथे घालवावा असं वाटत नाही. त्यापेक्षा शहराच्या वायव्येला कुमेउ, शार्दोने या पांढऱ्या वाइनसाठी. चिकणमाती, दमट हवा, म्हणजे रोगांशी झगडा रोजचाच. नाशिककरांना तिथले प्रश्न ओळखीचे वाटतील.

नॉर्थलँडला इतिहास म्हणून महत्त्व. सॅम्युअल मार्सडेनने १८१९ला केरिकेरीत देशातल्या पहिल्या वेली लावल्या. आज क्षेत्र नगण्य. गिसबर्न चांगली शार्दोने देतं पण वाटेपासून फार बाजूला आहे.

मार्टिनबरो वेलिंग्टनपासून सव्वा तासावर, रेमुटाका घाट ओलांडून. मार्टिनबरो ज्यात येतं त्या वायरारापाचा देशाच्या उत्पादनात वाटा टक्क्याच्या आसपास, पण पिनो न्वारमध्ये वजन मोठं. जुनी नदीपात्राची खडी, कमी पाऊस आणि फुलोऱ्याच्या वेळी सुटणारा वारा. त्या वाऱ्याने फळधारणा कमी होते, उत्पादन आपोआप घटतं. शेतकऱ्याला नको, पिणाऱ्याला हवं असं काहीसं. सेलर गावाच्या चौकापासून सायकलच्या टप्प्यात आहेत, म्हणजे गाडी उभी करून टाकायची.

वेलिंग्टन ते पिक्टन फेरी साडेतीन तासांची. काही भाडे-कंपन्या गाडी फेरीवर न्यायला देत नाहीत. उत्तर बेटावर एक सोडायची, दक्षिण बेटावर दुसरी घ्यायची. बुकिंग करतानाच विचारा. पिक्टन ते ब्लेनहाइम अर्धा तास.

गाडीचं आणखी एक. वीस वर्षांवरच्या चालकाला मर्यादा आहे श्वासाच्या लिटरमागे २५० मायक्रोग्रॅम, रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम. एका सेलरमध्ये सहा नमुने, प्रत्येकी २५ मिलि, १३ टक्क्यांची वाइन धरली तर पंधरा ग्रॅम अल्कोहोल पोटात जातं, म्हणजे इथल्या मापाने दीड 'स्टँडर्ड ड्रिंक'. तीन सेलर केले की साडेचार. थुंकायला भांडं प्रत्येक टेबलावर असतं, ते वापरण्यात लाज कसली? नाहीतर एकाने प्यायची, एकाने चालवायची.

---

खडीमाती

अनघाताई, हॉक्स बे 'वेळ उरला तर' या यादीत टाकलंत, हे पटलं नाही. बागायतदार माणसाने गिम्ब्लेट ग्रॅव्हल्स पाहिलंच पाहिजे. १८६७च्या पुरात न्गारुरोरो नदीने पात्र बदललं आणि जुन्या पात्राची खडी उघडी पडली. सुमारे आठशे हेक्टर. मेंढ्या चरायलाही कुचकामी म्हणून ही जमीन पडून होती, खडी काढायच्या खाणीसाठी मागणी होती. आज देशातली उत्तम सिरा आणि मेर्लो, काबर्ने ही लाल वाइन तिथून येते. हद्द मातीवरून ठरवलीय, तालुक्याच्या रेषेवरून नाही.

इथे ठिबक नसेल तर वेल मरते. खडीत पाणी धरून ठेवायला काही नाही. याचा फायदा असा की मण्यात पाणी उतरायच्या आधी ताण द्यायचा तर नळ बंद केला की ताण लगेच बसतो, काळ्या मातीत तो बसता बसत नाही. उलट बाजू, दोन दिवस पंप बिघडला तर पानं करपायला लागतात. शेजारच्या ब्रिज पा त्रिकोणात लालसर गाळमाती खडीवर पसरलीय, तिथल्या लाल वाइन लवकर मऊ होतात. दोन्हींत काही किलोमीटरचं अंतर आहे, एका सकाळीत फरक कळतो.

सिराबद्दल एक: मिऱ्याचा वास रोटंडन नावाच्या रेणूचा, आणि तो गार सालात जास्त असतो. उबदार सालाची बाटली घेऊन 'मिरी कुठाय' म्हणू नका.

फेब्रुवारी २०२३मध्ये गॅब्रिएल चक्रीवादळाने या भागाची आणि गिसबर्नची मोठी हानी केली, काढणीच्या तोंडावर. त्या सालच्या बाटल्या उत्पादकागणिक फार वेगळ्या आहेत, चाखूनच घ्या.

ऑकलंडहून नेपियर तौपोमार्गे साडेपाच तास, नेपियरहून मार्टिनबरो साडेतीन. वाटेतच आहे, वाकडी वाट नाही. आणि ब्लेनहाइमहून काइकौरामार्गे क्राइस्टचर्चला उतरताना कँटरबरीतलं वायपारा लागतं. एक दुपार द्या. चुनखडीची जमीन, पूर्वेच्या टेकड्या समुद्राचा गार वारा अडवतात, रीझलिंग ही पांढरी वाइन दहा वर्षं टिकते.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. हॉक्स बे घेतलं, वाइहीकी काढलं. रेनविकची वाट, उपविभागांचं खूप उपयोगी पडलं.

आता ओटागोबद्दल कुणी सांगेल का? विशेषतः हिमदंश आणि छाटणी. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, असं दोनदा. तिथे एकदाच कसं भागतं?

---

क्रॉमवेलकर

एकदाच भागतं कारण वेल झोपते. नाशिकला वेलीला झोप लागेल इतकी थंडीच पडत नाही, म्हणून तुम्ही छाटणी करून तिला दोनदा उठवता. इथे जून ते ऑगस्ट पानगळ झालेल्या वेलीवर छाटणी, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात डोळे फुटतात, डिसेंबरात फुलोरा, फेब्रुवारीत पाणी उतरतं, काढणी मार्चअखेर ते एप्रिल. तुम्ही याल तेव्हा ओटागोतल्या गिबस्टनमध्ये फळ वेलीवरच असेल.

सूक्ष्म घडनिर्मिती, म्हणजे डोळ्याच्या आत पुढच्या घडाची सुरुवात, तुमच्याकडे खरड छाटणीनंतर, एप्रिल-मेच्या उन्हात होते. इथे ती डिसेंबरच्या फुलोऱ्याच्या सुमारास, पुढच्या वर्षाच्या डोळ्यांत होते. त्यामुळे गार डिसेंबर दोन वर्षं मारतो. या वर्षी फळधारणा बिघडते, एकाच घडात मोठे मणी आणि बिनबियांचे बारीक मणी दिसतात, आणि पुढच्या वर्षी घडांची संख्याच कमी येते. काडीच्या बुडातले डोळे गार हवेत फारसे फलदायी नसतात. म्हणून ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) आखूड खुंट ठेवण्याऐवजी लांब काड्या राखून तारेला बांधतात. मार्लबरोच्या सोव्हिन्योंला तीन-चार काड्या, प्रत्येकी दहाबारा डोळे. ओटागोच्या पिनोला बहुधा दोनच, कारण पीक हेक्टरी पाच-सात टनांपुरतंच हवं असतं.

सेंट्रल ओटागो ४५ अक्षांशावर, समुद्रापासून आत. सदोदित गार असेल असं वाटतं, पण उन्हाळ्यात दिवस तिशी गाठतो आणि रात्र दहाच्या खाली येते. दिवसाने साखर चढते, रात्रीने आम्लता टिकते. जमीन शिस्ट नावाच्या पापुद्र्यांच्या दगडाची, वर वाऱ्याने आणलेली बारीक माती. बागांमधली ऐंशी टक्क्यांच्या आसपास पिनो न्वार. गिबस्टन उंचावर आणि सर्वांत गार, तिथली पिनो फिकट, लाल फळांची, जरा हिरवट मसालेदार. बॅनॉकबर्न आणि बेंडिगो उबदार, वाइन गडद, अल्कोहोल चौदाच्या घरात. उत्तरेकडे उतरणाऱ्या टेकड्या बघा, या गोलार्धात ऊन उत्तरेचं. क्रॉमवेल, अलेक्झांड्राभोवती डोंगरांवर रानटी थाइम माजलाय. वाइनमध्ये त्याचा वास येतो असं सगळे सांगतात. मला ते अर्धं विक्रीकौशल्य वाटतं.

हिमदंश. फुटलेले कोंब उणे एक-दोन अंशांना जळतात. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन उष्णता सोडते, गार हवा खाली साचते आणि दहाबारा मीटर वर उबदार थर राहतो. उंच खांबांवरचे पंखे तो थर खाली ओढतात. एका पंख्याने पाचसहा हेक्टर भागतात. वर उबदार थरच नसेल, म्हणजे गार वारा बाहेरून वाहत आला असेल, तर पंखा निरुपयोगी, उलट थंडी ढवळतो. म्हणून सुरू करण्याआधी दोन उंचीवरचं तापमान बघतात. हेलिकॉप्टरही त्याच तत्त्वावर.

तुषार सिंचनाचं वेगळं. पाणी गोठताना उष्णता सोडतं, त्यामुळे कोंबावर बर्फाचा थर चढत असेपर्यंत आतलं तापमान शून्याजवळ अडकून राहतं. पाणी अखंड हवं, आणि सूर्य येऊन बर्फ वितळेपर्यंत बंद करायचं नाही. मध्येच पंप थांबला की ओल्या कोंबावरून बाष्पीभवन होतं आणि तो कोरड्या कोंबापेक्षा जास्त गार पडतो. न चालवलं असतं तर बरं, अशी गत होते. एप्रिलमध्येही हिमदंश येतो. तेव्हा पानं जळाली की साखर चढायची थांबते, फळ असेल तसं काढावं लागतं.

क्वीन्सटाउनहून गिबस्टन अर्ध्या तासात, क्रॉमवेल साठेक किलोमीटर, कावराउ घळीतून. काढणीच्या दिवसांत सेलर उघडे असतात पण वाइनमेकर भेटतीलच असं नाही. बागेत जायचं तर आठवडाभर आधी ईमेल करा आणि जाळ्या लावलेल्या रांगांत विचारल्याशिवाय शिरू नका. जाळी उचलली की पक्षी आत.

---

मनुकेवाला

सीमाशुल्क आणि जैवसुरक्षा राहिलं, आणि तुमच्यासाठी तेच सर्वांत महत्त्वाचं, कारण तुम्ही बागेतून येताय.

उतरण्याआधी ऑनलाइन ट्रॅव्हलर डिक्लेरेशन भरायचं. शेतावर गेला होतात का, याचं उत्तर 'हो'. निफाडच्या मातीचे बूट आणूच नका, नवे किंवा ब्रशने घासून कोरडे केलेले आणा. खाचेतली मातीही निघायला हवी. छाटणीची कात्री घरी ठेवा. बेदाणे, मनुके, बी, घरचा चिवडा, जे काही असेल ते जाहीर करा. जाहीर केलेलं फार तर काढून घेतात. न जाहीर करता सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड.

काडी आणायचा मोह दोन्ही दिशांनी टाळा. मार्टिनबरोत 'एबल' नावाचा पिनोचा क्लोन, म्हणजे एकाच वेलीच्या काड्यांपासून वाढवलेला प्रकार, चाखाल, त्याला गमबूट क्लोनही म्हणतात. फ्रान्सच्या बर्गंडीतल्या एका नामांकित बागेतली काडी बुटात लपवून आणताना ऑकलंड विमानतळावर पकडली गेली आणि ती पकडणारा सीमाशुल्क अधिकारी स्वतःच द्राक्षबागायतदार होता, असं सांगतात. गोष्ट छान आहे, पण फिलॉक्सेरा ही द्राक्षवेलीची मुळं खाणारी कीडही अशीच फिरली. परतताना बूट पुन्हा धुवा.

भारतात प्रौढ प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्कमुक्त. साडेसातशेच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, तिसरी घेतलीत की सव्वादोन. तुम्ही दोघं आहात, तर चार बाटल्या. सगळ्या चेक-इन सामानात. बहुतेकांना स्क्रूकॅप असेल, इथल्या उत्पादकांनी २००१पासून ती एकजुटीने उचलून धरली. बूच सुकण्याची भीती नाही, पण झाकणाच्या कडेला ठोकर बसून ते चेपलं तर हवा शिरते, म्हणून बाटलीच्या अंगापेक्षा मानेभोवती कपडे जास्त गुंडाळा. उघडल्यावर काडेपेटीचा वास आला तर घाबरू नका, भांड्यात ओतून दहा मिनिटं ठेवा, उडून जातो.

चारांत सोव्हिन्यों एकच घ्या. पॅशनफ्रूटचा वास देणारा मुख्य थायॉल वर्षभरात बराच विरतो आणि उष्णतेत आणखी वेगाने. एप्रिलात नाशिकला पोचलेली बाटली माळ्यावर ठेवली तर गणपतीपर्यंत नुसती आंबट उरेल. फ्रिजमध्ये ठेवा, लवकर संपवा. उरलेल्या तीन: गिम्ब्लेटची सिरा, बॅनॉकबर्नची पिनो, वायपाराची रीझलिंग. या थंड जागी पडून राहिल्या तरी चालतात. गाडीच्या डिकीत मात्र कुठलीच नाही, एप्रिलच्या उन्हातही नाही.